काळ्या पानावरचे टँकर

मुलांनो, रावेतला आमच्या सोसायटीत उन्हाळाभर पाण्याचे टँकर येतात. कोणता टँकर कधी आला, कोणत्या इमारतीची टाकी भरली, याची नोंद शेजारचे भाऊ ठेवतात. ते आकुर्डीच्या कारखान्यातून निवृत्त झाले. वहिनी गेल्यापासून ते घराबाहेर पडतात ते याच कामासाठी.

यंदा ही नोंद सोसायटीच्या नव्या वेबसाइटवर गेली. वरच्या मजल्यावरच्या, आयटीत काम करणाऱ्या मुलीने ती हौसेने बनवली. पण भाऊंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं; पांढऱ्याशुभ्र पानाकडे पाहिलं की डोळ्यांना धारा लागत.

"बाई, तुम्ही सेक्रेटरी. हे काम आता दुसऱ्याला द्या," ते म्हणाले.

मी "बघते" म्हटलं आणि थेट वरचा मजला गाठला.

"आजी, थीम टाकते," मुलगी म्हणाली. "बटण दाबलं की पान काळं, अक्षरं फिकट पिवळी. ज्याला हवं त्याने घ्यावं."

रविवारी सोसायटीच्या ऑफिसात भाऊंनी बटण दाबलं आणि रुमाल खिशात ठेवला. "दिसतंय की राव!"

सोमवारी खजिनदार माझ्या दारात. "कॉम्प्युटर गेला! सगळं काळं पडलंय."

मुलगी चक्रावली. निवड ज्याच्या त्याच्या लॉगिनला जोडली होती, मग यांचं पान कसं बदललं? ऑफिसात येऊन पाहते तर मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली: अख्ख्या कमिटीत मिळून एकच लॉगिन, एकच पासवर्ड.

"आजी, एका चपलेत सगळ्यांचे पाय!" तिने कपाळाला हात लावला.

भाऊ ओशाळले. "राहू द्या पांढरंच. माझ्या एकट्यासाठी एवढं कशाला?"

"वा!" खजिनदार उसळले. "आणि पहाटे टँकरवाल्याशी भांडायचं कोणी? मी?"

चिठ्ठी मीच काढली. मुलीने तिथेच बसून प्रत्येकाला वेगळं लॉगिन करून दिलं. खजिनदारांनी पासवर्ड टाकताना आम्हा सगळ्यांना पाठ फिरवायला लावली. त्यांचं पान पांढरं राहिलं, भाऊंचं काळं. दुसऱ्याला काम देण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

आज सकाळी चहा टाकत होते, तेवढ्यात खालून भाऊंचा खणखणीत आवाज आला, "अर्धा टँकर आणून पूर्ण लिहा म्हणतोस? मला सगळं दिसतंय!"