रिकाम्या रायफलीचा फोटो

अन्याय कासमचाचांवर झाला. गणपती बसायच्या आदल्या शनिवारी, संध्याकाळी, अबुधाबीतल्या शिकारीच्या सामानाच्या प्रदर्शनात त्याची सुरुवात झाली. करणारे परके नव्हते. आपलीच माणसं, मराठी बोलणारी, त्यातली बरीचशी ही पुरवणी वाचणारी. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे मी गोंधळणार आहे. चाचा जाऊन काही आठवडे झाले, तरी त्यांच्याबद्दल मला नक्की काय वाटतं ते ठरत नाही. मात्र अन्याय झाला का, या प्रश्नावर माझा काहीही गोंधळ नाही.

बातमी आली तेव्हा बाबा एका पायात बूट घालून दाराशी उभे होते. खालच्या मजल्यावरून फोन होता, चाचांच्या खोलीतल्या जोडीदाराचा. पहाटे फजरच्या नमाजाला उठले, पुन्हा आडवे झाले, आणि मग कुणी हाक मारली तर उत्तर नाही... बाबांनी दुसरा बूट घातलाच नाही, तसेच जिना उतरले. मी मागे धावले. खोलीत चार पलंग, भिंतीकडे तोंड करून झोपलेले चाचा, आणि तिघं जण हातात फोन धरून उभे, गावाला कोण कळवणार या प्रश्नावर एकमेकांकडे बघत. शेवटी बाबांनी कळवलं.

कासमचाचा दाभोळच्या खाडीकाठचे. तरुणपणी फुजैराच्या बंदरात आले, मग दुबईत अल क्वोजच्या गोदामांच्या पलीकडे एका दुकानात लागले ते कायमचे. त्या दुकानात तंबू, दुर्बिणी, बूट मिळतात आणि आतल्या काचेच्या खोलीत शिकारीच्या रायफली. चाचा त्या काचेच्या खोलीत. जैबूनचाची गावी, मुलगा नईम तालुक्याच्या गावात इलेक्ट्रिकचं सामान विकतो. चाचा आमच्याच इमारतीत, शारजाला. दर शुक्रवारी जेवायला आमच्याकडे. येताना सुरमई आणायची, आईच्या ओट्यावर ठेवायची आणि म्हणायचं, "वहिनी, ही आपली. लीडरबाईंना भेंडी."

लीडरबाई म्हणजे मी. पुण्यात शिकत असताना मी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या गटात होते, पत्रकं लिहायचे, चौकात उभी राहून वाटायचे. शिकारीच्या विरोधात लिहिलेल्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'बंदूक विकणारा हातही रक्ताचाच.' सुट्टीत इथे आले तेव्हा ते मुद्दाम चाचांच्या हातात दिलं. त्यांनी सोफ्यावर बसून ते सगळं मोठ्याने वाचलं, एकदाही न अडखळता. घडी घालून खिशात ठेवलं आणि हसत म्हणाले, "छान लिहिलंयस. हात धुऊन आलोय, वाढ आता." त्या हसण्याचा मला राग आला. अजून येतो. आणि तेच हसणं आता मिळणार नाही म्हणून रडूही येतं. या दोन्हीचं काय करायचं, मला कळत नाही.

एकदा आईने डबा पोचवायला पाठवलं तेव्हा मी त्यांना काम करताना पाहिलं. सैफ नावाचा इथलाच एक तरुण आला होता. परवाना होता, कुठल्याशा सरकारी कचेरीत नुकताच लागला होता, आणि चुलत भावांबरोबर स्कॉटलंडला हरणाच्या शिकारीला पहिल्यांदा जाणार होता. भावांकडे अक्रोडाच्या लाकडाच्या, नक्षीच्या रायफली. याचा पगार तेवढा नाही, पण नजर तिथेच. चाचा त्याच्याशी अर्धं अरबी, अर्धं हिंदी बोलत होते. "हबीबी, हे लाकूड हरणाला दिसणार आहे का? तिकडे पाऊस असतो, लाकूड फुगतं. ही साधी घे, काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची." सैफला जास्त दारू भरलेली, मोठी गोळी झाडणारी बंदूक हवी होती. चाचा म्हणाले, तसल्या बंदुकीचा खांद्याला असा धक्का बसतो की तिसऱ्या गोळीपासून माणूस घोडा ओढायच्या आधीच डोळे मिटतो. मिटलेल्या डोळ्यांनी मारलेलं हरीण मरत नाही, पळतं. मग त्यांनी त्याला डोळे मिटायला लावले, रायफल खांद्याला आणायला सांगितली, आणि म्हणाले, "आता उघड. वर बसवलेल्या दुर्बिणीत पूर्ण गोल दिसतोय की कडेला काळं?" तीन रायफलींत काळं दिसलं, म्हणजे त्या त्याच्या अंगाला बसत नव्हत्या. चौथीत पूर्ण गोल. ती सगळ्यांत स्वस्त निघाली, मग सैफचं तोंडच उतरलं. "खलास," चाचा म्हणाले. "बंदूक स्वस्त चालते, दुर्बीण चालत नाही. वाचले त्यात चांगली दुर्बीण घे आणि गोळ्यांचे डबे. रेंजवर जा. जेवायच्या ताटलीएवढ्या जागेत सगळ्या गोळ्या बसेपर्यंत विमानात बसू नकोस."

सैफ गेल्यावर मी विचारलं, "आणि मारूच नको, हे नाही सांगितलंत?"

"ते तुझं खातं," ते डबा उघडत म्हणाले. "माझं खातं, मारणारच असेल तर एका गोळीत."

म्हणजे दया की धंदा? मी तेव्हाही विचारलं होतं. त्यांनी भाकरी मोडली आणि आईने लसूण कमी घातलाय म्हणून तक्रार केली. काही महिन्यांनी सैफ खजुराचा डबा घेऊन दुकानात आला. हरीण मिळालं होतं. चाचांनी एकच विचारलं, "पळालं?" तो म्हणाला, नाही. चाचा म्हणाले, "अलहमदुलिल्लाह." तो डबा मात्र त्यांनी न उघडता आमच्या घरी आणून ठेवला. आम्हीच खाल्ले ते खजूर. चाचांनी एकही घेतला नाही. का, ते विचारायचं राहिलं.

त्यांनी स्वतः कधी शिकार केली होती का, हे विचारायचं मात्र मी सोडलं नव्हतं. उत्तर दर वेळी वेगळं. एकदा म्हणाले, कधीच नाही. एकदा म्हणाले, डुक्कर, शेताची वाट लावत होतं म्हणून. एकदा नुसते खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "भेकर बघितलंयस कधी? ओरडतं तेव्हा कुत्रा वाटतो..." आणि विषय बदलला. ते गेल्यावर मी जैबूनचाचींना फोनवर विचारलं. त्या म्हणाल्या, "कोण, हे? कोंबडी कापायलासुद्धा शेजाऱ्याला बोलवायचे, गो." आणि चाचांचा सख्खा भाऊ त्याच फोनवर म्हणाला, "अख्ख्या खाडीत तसा नेमबाज नव्हता." दोघंही खरं बोलत असणार. मी कुठलं धरू?

आता तो फोटो. त्यासाठी चाचांची एक सवय सांगायला हवी. ते विकायचे त्या बहुतेक रायफली बोल्टच्या. म्हणजे दाराच्या कडीसारखा एक दांडा असतो. तो वर उचलून मागे ओढायचा की गोळीची जागा उघडी पडते, पुढे ढकलून खाली पाडला की बंद. चाचा त्याला कडीच म्हणायचे. रायफल हातात घेतली की आधी कडी मागे, आत बोट घालून रिकामं आहे हे बघायचं, समोरच्याला दाखवायचं, आणि कडी तशीच मागे ठेवून मगच ती त्याच्या हातात द्यायची. दिवसातून पन्नासदा असेल तर पन्नासदा. कडी मागे असताना रायफल म्हणजे नळीचा तुकडा. तिच्यातून काही सुटू शकत नाही.

त्या शनिवारी प्रदर्शनात त्यांच्या दुकानाचा स्टॉल होता. आमच्या इथल्या मराठी मंडळातला एक जण, रुवैसला रिफायनरीत असतो, बायकामुलांना घेऊन आला. इथे आपल्या लोकांची जुनी हौस आहे : गाडी दुसऱ्याची, ससाणा दुसऱ्याचा, शेजारी उभे आपण, आणि फोटो गावाला. तो म्हणाला, "कासमभाई, एक पोझ होऊन जाऊ दे!" चाचांनी रायफल उचलली, कडी मागे ओढली, बोट घालून बघितलं, आणि खांद्याला लावली. फोटो मंडळाच्या ग्रुपवर आला, 'कासमभाई फुल फॉर्मात', त्यावर अंगठे, हसरे चेहरे. इथपर्यंत माझी तक्रार नाही.

मग कुणीतरी तो कापला. वरचा स्टॉलचा बोर्ड गेला, छातीवरचा दुकानाचा बिल्ला गेला. उरली दाढी, टोपी आणि रायफल. खाली ओळ आली : 'ओळखा, आपल्या तालुक्यातला कोण? गल्फमध्ये कसलं ट्रेनिंग चाललंय?' माझ्या मते हिंदू दुकानदाराचा असा फोटो कुणी कापला नसता. हे वाचून कुणाला राग आला तर येऊ दे. कापलेल्या फोटोतही कडी मागेच आहे, अगदी स्पष्ट दिसते. ज्यांना हत्यारातलं कळतं असं आपण धरून चालतो, त्या पोलिसांनीसुद्धा ती बघितली नाही. आमच्याच मंडळातल्या चौघांनी तो कापलेला फोटो पुढे पाठवला. त्यांना बोर्ड माहीत होता, बिल्ला माहीत होता, माणूस माहीत होता. गणपतीचे नारळ दरवर्षी चाचा घाऊक बाजारातून आणून द्यायचे. याही वर्षी पोती स्वतःच्या खांद्यावरून जिना चढवली. ज्यांनी ते नारळ फोडले, त्यांच्या खिशातल्या फोनमध्ये तो फोटो होता. चाचांना तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

विसर्जन होईपर्यंत फोटो नईमच्या दुकानापर्यंत पोचला. मग पोलीस ठाण्यातून त्याला बोलावणं आलं. चहा पाजला, नीट वागले, असं तो सांगतो. पण दुपारभर बसवून ठेवलं, आणि ते बाजाराने पाहिलं. चाचांचं दिवाळीच्या सुमाराचं तिकीट काढलेलं होतं. नईमला मुलगी झाली होती, नात त्यांनी फक्त फोनवर पाहिलेली. भावाचा फोन आला : "आत्ता नको येऊस. जरा थंड होऊ दे." चाचांनी तिकीट रद्द केलं.

मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, "व्हिडिओ करू, पूर्ण फोटो दाखवू, चौघांची नावं टाकते." ते म्हणाले, "तू लिहिशील, लोक वाचतील, म्हणतील कुठला फोटो, दाखव बघू. परत फिरेल. नको." मी म्हटलं, "मग पोझ दिलीतच कशाला?" ते म्हणाले, "माणूस आपला होता... उभा राहिलो." आज मी त्यांचं न ऐकता हे लिहिते आहे. ते बरोबर होते की मी, मला माहीत नाही. गप्प बसून काय झालं ते मात्र दिसतं आहे.

पुढच्या शुक्रवारी ते जेवायला आले नाहीत. नंतर आले, पण सुरमई आणि विनोद दोन्ही कमी झाले. फोन वाजला की आधी नाव बघायचे. हृदयाचा झटका फोटोने येतो का? डॉक्टर नाही म्हणतील. मीही पत्रकात तसं छापणार नाही, कारण सिद्ध करता येत नाही. मय्यत गावी न्यायची का, असं बाबांनी विचारलं तेव्हा भाऊ पुन्हा म्हणाला, "तिथेच उरका." लवकर दफन करावं हा त्यांचा रिवाज आहे, तोही खरा. पण त्या आवाजात रिवाज किती आणि भीती किती, हे बाबांनाही सांगता आलं नाही. शारजाच्या कबरस्तानात बाबा गेले. जैबूनचाचींनी फोनच्या पडद्यावर माती पडताना पाहिली.

आणि मी अजूनही शिकारीच्या विरोधात आहे. चाचांनी विकलेल्या प्रत्येक रायफलीसमोर एक हरीण होतं, हे मी विसरत नाही. शोक करताना ते बाजूला ठेवायचं असतं का? मला जमत नाही. पण रायफल विकणाऱ्याला रायफल विकणारा म्हणा ना! त्याच्याशी भांडा, मी वर्षानुवर्षं भांडले. तो जे नव्हताच, ते त्याला का बनवलंत?

त्यांची खोली आवरायला आई आणि मी गेलो. पलंगाखाली एक खोकं होतं, निळ्या दोरीने आडवंउभं बांधलेलं. गावी न्यायचं खोकं विमानतळावर हरवू नये म्हणून आपले लोक करतात तसं, चारही बाजूंनी जाड मार्करने लिहिलेलं : त्यांचं पूर्ण नाव, गाव, तालुका. मोठी, ठसठशीत अक्षरं, एकही खाडाखोड नाही. तिकीट रद्द केल्यावरही त्यांनी दोरी सोडली नव्हती. आत नातीचे कपडे होते, हे आम्हाला नईमने सांगितलं. आम्ही उघडलं नाही. आईने त्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "एवढं नाव लिहिलंय, बघ." बाबांच्या ओळखीच्या एकाबरोबर खोकं गावी गेलं.

आता तुम्ही. होय, तुम्हीच, हे वाचणारे. फोन काढा. तो फोटो तुमच्याकडे आला असेल तर नुसता पुसू नका. पुसणं सोपं आहे, पुसलं की तुम्ही कधी पाठवलाच नव्हता. ज्या ग्रुपवर पाठवलात, त्याच ग्रुपवर स्वतःच्या नावाने लिहा : हा माणूस दुकानात काम करायचा, मी खोटं पुढे पाठवलं. आणि नईमच्या दुकानात जा, गर्दीच्या वेळी जा, आणि हेच वाक्य त्याला मोठ्याने सांगा. आज.