मांडीवरचे खळगे

माझी मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. अंबाजोगाईच्या मैदानावर रोज सकाळी धावायची आणि आठशे मीटरला अकॅडमीतल्या सगळ्या पोरींना मागे टाकायची. मला धास्ती होती ती लेखी परीक्षेची. धावण्यात तिची वर्दी पक्की आहे असं मी शाळेत चारचौघींना सांगूनही बसले होते.

एकदा मैत्रिणीने तिचा धावताना मागून व्हिडिओ काढला, पाऊल कसं पडतं ते पाहायला. घरी येऊन हिने तो थांबवून थांबवून पाहिला आणि पाऊल सोडून भलतंच पाहिलं. हाफ पँटच्या खाली, मांड्यांच्या मागच्या बाजूला, मळलेली कणीक बोटांनी दाबावी तसे खळगे दिसत होते. पोरगी सडपातळ, तरी होते.

दुसऱ्या दिवसापासून ती लांब पँट घालू लागली. तेवढ्यावर भागलं असतं तर काही म्हणणं नव्हतं. पण पँटमधूनही दिसतं असं तिच्या डोक्यात बसलं आणि ती सगळ्यांच्या शेवटी धावू लागली. मागे कुणी नको, म्हणून. अकॅडमीच्या सरांनी फोन करून विचारलं, पोरगी आजारी आहे का. मी म्हटलं, नाही हो, जास्त शहाणी झालीय. मला फार राग आला होता तिचा.

मग घरचे उपाय झाले. मी मोहरीचं तेल चोळून दिलं. तिने कॉफीत साखर घालून लावली, मोबाइलवरून मागवलेली क्रीमची बाटली संपवली. एकदा तर टाचा घासायच्या वजरीने मांड्या घासल्या, कातडी सोलून रक्त आलं. आठवडाभर तिला नीट बसता आलं नाही.

शेवटी त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी चांगलं समजावलं. याला सेल्युलाइट म्हणतात, म्हणाल्या. कातडीखालची चरबी कातडीला वर ढकलते आणि तिच्यामधले दोऱ्यासारखे तंतू कातडी खाली ओढून धरतात, गादीला टाके घातल्यावर होतं तसं. जाड असो की बारीक, बहुतेक बायकांना असतंच, आणि हा आजार नाही. क्रीमने फारसं काही होत नाही. मोठ्या शहरात लेझर आहे, मशीनची मालिश आहे, सुईने ते तंतू तोडतात. थोडा फरक पडतो, बऱ्याचदा काही महिन्यांनी ओसरतो, तंतू तोडल्याचा जरा जास्त टिकतो. पूर्ण जाईल असं कुणीच सांगू शकत नाही. धावत राहिलीस तर स्नायू भरतील आणि कमी दिसेल, असंही त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून विचारलं, घराण्यातून येतं हे, तुम्हाला आहे का?

मला सांगता आलं नाही. पंचेचाळिशीची बाई, शाळेत पोरांना शरीराची रचना शिकवते, आणि स्वतःच्या मांडीची मागची बाजू कधी पाहिलेली नाही. आमच्याकडे बाई न्हाणीघरात एकटी असली तरी परकर छातीवर बांधून अंघोळ करते. माझी आई तशीच करायची, तिने मला शिकवलं, मी लेकीला. त्यामुळे घरातल्या एकाही बाईचे पाय लेकीने पाहिले नव्हते. पाहिले ते मोबाइलमधले, तुळतुळीत.

घरी आल्यावर कपाटाच्या आरशापुढे पाठमोरी उभी राहिले आणि परकर वर धरला. होते की. तिच्यापेक्षा खोल. खाण तशी माती. आणि खरं सांगते, मला आनंद झाला. वाटलं, औषध सापडलं. हे तिला दाखवलं की तिचं तिला कळेल आणि ती पुन्हा पुढे धावेल.

मैदानी चाचणीला तीन आठवडे उरले होते. दुपारी दार लावून तिला बोलावलं आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं. पाठ फिरवून साडी मांडीपर्यंत वर घेतली. लाजेने कान तापले होते माझे.

"बघ, मला बी हाय. तुझ्या आजीला बी असंल. कुणाचं काय अडलं का?"

मला तिचं तोंड दिसत नव्हतं.

"म्हंजे हे जाणारच न्हाई," ती म्हणाली. "आनि वाढत जाणार हाय, आई."

मी साडी खाली सोडली. स्नायूंचं बोलले, वर्दीचं बोलले, डॉक्टरीणबाईंचे शब्द पुन्हा सांगितले. तिने सगळं ऐकून घेतलं. माझ्या लक्षात आलं ते फार उशिरा. कधीतरी पैसे जमतील, लेझर होईल, नाहीतर वयाने आपोआप जाईल, अशी तिला आशा होती. म्हणून तर शेवटी का होईना, ती धावत होती. ती आशा मी माझ्या हाताने काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी गजर वाजला तो तिने बंद केला. पुढे लावलाच नाही. मी रागावले, रडले, सरांना घरी बोलावलं. ती कुणाला उलटून बोलली नाही.

चाचणीच्या दिवशी ती सकाळपासून माझ्याजवळ बसून पापड लाटत होती. एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही तिने. मी पाहत होते.