व्हर्लिनचं हसू

अमेरिकेतल्या डे मॉइन शहरात तीस ऑक्टोबरला, संध्याकाळी सहा ते आठ, मुलं हॅलोविनची सोंगं घेऊन घरोघर चॉकलेटं मागत फिरतात. बाकीचा देश एकतीसला फिरतो; फिरू दे. पण इथं नुसता हात पुढे करून काही मिळत नाही. आधी जोक सांगायचा, मग चॉकलेट. आणि जोक ऐकून हसण्यात व्हर्लिन रोर्डाचा हात धरणारा अख्ख्या बीव्हरडेल वस्तीत कोणी नव्हता.

पेशानं प्लंबर, वय एकाहत्तर. सप्टेंबर लागला की हा माणूस वरमाईसारखा मिरवायला लागायचा. हॅलोविनला फाटका शर्ट घालायचा, त्यात पेंढा कोंबायचा आणि ओसरीवरच्या खुर्चीत बुजगावणं होऊन निश्चल बसायचा. पोरांनी घाबरत घाबरत जोक सांगितला की बुजगावणं जे खदाखदा हसायचं, ते कोपऱ्यावरच्या चर्चपर्यंत ऐकू जायचं. "या वयात शोभतं का हे?" असं मेहुणी दरवर्षी विचारायची. "मला कुणी थांब म्हणालंच नाही," असं तो दरवर्षी सांगायचा. वास्तविक तीच म्हणत होती.

या एप्रिलमध्ये त्याच्या घशात कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला. आता गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास आणि बोलणं पाटीवर. जो भेटेल तो म्हणायचा, देवाचे आभार मान. व्हर्लिन मान हलवायचा, पण मनातून ते आभार काही निघत नव्हते.

तीस तारखेला दुपारी त्यानं पाटी बायकोसमोर धरली. "दिवा लावू नकोस." ओसरीवरचा दिवा बंद म्हणजे या घरी येऊ नका, हे इथल्या पोरांना चालायच्या आधी कळतं.

"का रे? शर्टाला इस्त्री केलीय मी," मार्लिस म्हणाली. "बुजगावण्याला इस्त्री! सेहेचाळीस वर्षांत हे एक करायचं राहिलं होतं."

त्यानं पुसून पुन्हा लिहिलं. "पोर जोक सांगणार. माझं हसू ऐकू येणार नाही. त्याला वाटणार, आपला जोक पडला."

मार्लिसनं ते दोनदा वाचलं. मग चिलीचं, म्हणजे राजमा-खिम्याच्या रश्श्याचं, पातेलं खाली उतरवलं, दालचिनीचे रोल झाकून ठेवले आणि डोळे पुसले. "हे बघ व्हर्ल, चौदा डझन चॉकलेटं आणलीत. ती मी एकटीनं संपवली तर मला उचलायला क्रेन लागेल. गपगुमान बाहेर बस."

सहाच्या ठोक्याला तिनं दिवा लावला.

पहिली आली कोपऱ्यावरची सात वर्षांची टेसा. तिनं खोक्यात शिरून कपडे धुण्याच्या मशीनचं सोंग घेतलं होतं. मागे पाच-सहा जणांची रांग.

"मिस्टर रोर्डा, सांगाड्यानं सूप का नाही प्यायलं? कारण त्याच्या आईनं लादी आत्ताच पुसली होती!"

व्हर्लिन हसला. तोंड उघडलं, गळ्यातून फुसकन हवा गेली, बस. मार्लिसनं चॉकलेट पुढे केलं, तर टेसानं हात मागे घेतला.

"नको. हसले कुठं ते? फुकट नाही घेणार मी."

"अगं हसले. ऑपरेशन झालंय त्यांचं, आवाज येत नाही."

"मग मला कळणार कसं?" टेसा म्हणाली. प्रश्न रास्त होता. तिनं दम घेऊन दुसरा जोक काढला. "भुतांच्या शाळेत हजेरी कशी घेतात? जी दिसतात त्यांची गैरहजेरी लावतात!"

पुन्हा नुसती हवा.

"ए, आटप की!" मागचा, समुद्री चाच्याच्या सोंगातला पोरगा ओरडला. "भंगार जोक आहेत तुझे!"

टेसाची हनुवटी थरथरायला लागली. व्हर्लिनला ज्याची भीती होती तेच नेमकं समोर उभं राहिलं. पाटी शोधायला वेळ नव्हता. त्यानं शर्टाची बटणं सोडली, मूठ मूठ पेंढा उपसून अंगणात फेकला आणि आतल्या बनियनवर, पोटावर थाप मारून तिला खूण केली. इथं हात ठेव. आता सांग.

टेसानं बिचकत तळवा टेकवला. "चेटकीण विमानानं गेली तरी झाडू का नेते? विमान चुकलं तर!"

"हलतंय!" ती किंचाळली. "आई गं, केवढं हलतंय!" तिनं हक्कानं चॉकलेट उचललं आणि रांगेकडे वळून ओरडली, "हसतात ते! हात लावून बघावं लागतं!"

मग काय विचारता. चिकट हात, लोकरीचे हातमोजे, रबरी नखं, एकेक करत सगळी त्याच्या पोटावर टेकायला लागली. समुद्री चाच्याचा जोक खरोखरच भंगार होता. पोट तसूभरही हललं नाही. मुकाट्यानं त्याला दुसरा सांगावा लागला.

आठ वाजता मार्लिस दिवा घालवायला आली, तेव्हा चॉकलेटनं माखलेल्या बनियनमध्ये व्हर्लिन पाटी मांडीवर घेऊन बसला होता. डोळे वाहत होते आणि ते पुसायची त्याला घाई नव्हती.

पाटीवर लिहिलं होतं, "सर्जनबाईंना उद्या पत्र लिहायचंय. आभार मानायचे राहिलेत."

"काय लिहिणार?"

त्यानं तळव्यानं पाटी पुसून लिहिलं. "हसू तुम्ही काढलं नव्हतंत. मलाच आज सापडलं."