साहेबांनी न खाल्लेली भाकर

महिन्याच्या पहिल्या रविवारी रेव्हरंड शांतवन समुद्रे शाहूपुरीतल्या छोट्या मेथडिस्ट चर्चमध्ये प्रभुभोजन द्यायचे. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा इवलासा पेला प्रत्येकाच्या हातात स्वतः ठेवायचे, म्हाताऱ्यांपुढे तर वाकून. स्वतः मात्र घ्यायचे नाहीत. सात वर्षं घेतलं नाही. मंडळीतल्या बायका म्हणायच्या, "पाळकसाहेबांना साखर हाय, गोड चालत न्हाय." मी शेवटच्या बाकावर मान खाली घालून हे ऐकायचो. मी बिद्रीचा पाटील, घरात जोतिबा. चर्चशी माझा संबंध एवढाच, की उपासना संपल्यावर साहेबांबरोबर शिरोळची एसटी धरायची. साहेबांना साखर नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं.

चर्चच्या संस्थेनं काढलेल्या एका लहान विद्यापीठाचे ते कुलगुरू होते आणि मी त्यांचा स्वीय सहायक. रुबाब म्हणाल तर शून्य. डबा शिपायांबरोबर खायचे आणि त्यांच्या डब्यातला ठेचा हक्कानं पळवायचे. फाईल कितीही जाड असो, उघडायच्या आधी त्यांचा एकच प्रश्न असे, "कागद ऱ्हाऊ दे बाजूला. माणूस आलाय का?" माणूस आला असला की त्याला आधी खुर्ची, मग चहा, मग फाईल. एकदा एका प्राध्यापकाला काढून टाकायचा ठराव घेऊन संस्थेची मंडळी आली, तर साहेब म्हणाले, "त्येला हितं बसवा की. ज्येचं मुंडकं कापायचं, त्येचं त्वांड तरी बघू." तो प्राध्यापक आजही शिकवतो आहे.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत शिरोळच्या वैशाली नावाच्या मुलीच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली. सुनावणी अकराला होती. ती पोचली साडेबाराला, घामाघूम होऊन. एसटी वाटेत बंद पडली होती. समिती उठून गेली होती, पण साहेब आतच होते. "साहेबांना भेटू द्या की," म्हणत ती हात जोडून उभी राहिली. मला त्या दिवशी कसली शिंगं फुटली होती कोण जाणे. "वेळेत यायला काय झालं होतं?" असं दरडावून मी तिला बाकड्यावर बसवून ठेवलं. तीन तास. मग सांगितलं, साहेब मागच्या दारानं गेले. ती गेल्यावर मी फाईल आत नेली. साहेबांनी चष्मा चढवला.

"माणूस आलाय का, पाटील?"

"नाही आला, साहेब."

त्यांनी सही केली. तीन वर्षं परीक्षाबंदी.

वर्षभरानं पुढच्या बाकावरच्या मुलीनं लिहून दिलं, की चिठ्ठी तिची होती. साहेबांनी त्याच दिवशी आदेश रद्द केला, निकाल लावून घेतला, प्रमाणपत्र तयार करायला लावलं आणि म्हणाले, "टपालानं न्हाय धाडायचं. मी जाणार." मीही बरोबर गेलो. शिरोळच्या त्या घरातून शिलाई मशीनचा आवाज येत होता. साहेबांनी नाव सांगताच तो थांबला. भाऊ दारात आडवा उभा राहिला. "ठरल्यालं लगीन मोडलं तिचं, कॉपीवाली म्हणून. माझी भन तीन तास बसली तुमच्या दारात, आन् तुमी भेटला न्हाईसा. तो कागद घिऊन जावा."

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे बघत राहिलो. मग त्यांनी भावाला हात जोडले. "चुकलं माझं," म्हणाले. आत मशीन पुन्हा सुरू झालं.

कुणाच्या मनात आपल्याविषयी सल असेल तर आधी त्याच्याशी समेट करावा, मग वेदीपाशी यावं, असं त्यांचं शास्त्र सांगतं. तेव्हापासून त्यांनी ती भाकर सोडली. आम्ही दोघंही निवृत्त झालो, त्यांचे गुडघे गेले, पण शिरोळची वारी चुकली नाही. महापुरानं रस्ता बुडवला तेव्हाच काय तो खंड पडला. दारात प्रत्येक वेळी भाऊ तसाच आडवा. परतीच्या एसटीत म्हणायचे, "आज मशीन जरा जास्त येळ थांबलं की वो." एवढ्यावर पुढचा महिना काढायचे. मी एक वाक्य बोललो असतो तर त्या दारात तरी त्यांची सुटका झाली असती. आधी नोकरी जाईल म्हणून बोललो नाही, नंतर त्यांच्या मनातून उतरेन म्हणून. भित्र्या माणसाला कारणांचा तोटा नसतो.

गेल्या महिन्यात त्यांना दवाखान्यात ठेवलं. श्वास पुरत नव्हता. नवा तरुण पाळक भाकर घेऊन आला, तर त्यांनी ओठ मिटून घेतले. तो बाहेर गेला आणि माझा बांध फुटला.

"साहेब, ती आली होती. मीच खोटं बोललो."

"ठावं हाय," ते म्हणाले. "शिरोळातच कळलं. तुमचं त्वांड बघितलं की."

"मग तिच्या भावाला सांगितलं का नाही?"

"तुमचं नाव सांगून माझी सुटका करून घिऊ व्हय? सही माझी हुती." धाप ओसरायला बराच वेळ गेला. "तुमी आपणहून कवा बोलताय, वाट बघत हुतो. तुमी बी उपाशीच की, पाटील, इतकी वर्सं." मी लहान पोरासारखा रडलो. त्यांनी माझा हात दाबला. "मला सांगून काय उपेग? तिला सांगा. लवकर जावा."

"रविवारी जातो," मी म्हणालो. सवयच ती. शुक्रवारी साहेब गेले.

रविवारी एकटाच गेलो. नाव सांगितलं. मशीन थांबलं आणि पहिल्यांदाच ती स्वतः दारात आली. गळ्यात टेप, चेहरा ओढलेला. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ते म्हातारं साहेब कुठं हायत?"

"काल माती दिली."

तिनं माझ्या मागं रिकाम्या रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मग आता कशाला आलायसा, पावणं?"

मी प्रमाणपत्राचं पाकीट पुढे केलं. पाकीट तिनं घेतलं नाही. दारात आलेल्याला द्यायची रीत म्हणून पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला आणि आत गेली. मशीन सुरू झालं. मी तांब्या उचलला आणि पाणी न पिताच उंबऱ्यावर परत ठेवला.