आठ नंबरचा फॉर्म

माझ्या बायकोचे मामा नसते, तर हिंगोलीच्या कडेची आमची कॉलनी लोकसभेच्या हिशेबात कधी आलीच नसती. हे मी शपथेवर सांगतो, कारण मी इथला बीएलओ. म्हणजे शाळा सांभाळून मतदारयादीही सांभाळणारा मास्तर.

कॉलनीची तऱ्हाच न्यारी होती. माणसं बक्कळ आणि मतदार मूठभर! कुणी सेनगावकडचं, कुणी कनेरगाव नाक्याचं, कुणी तांड्यावरचं. पोरांच्या शाळेसाठी इथं आली, घरं बांधली, पण नावं गावच्याच यादीत ठेवली. मतदानाच्या सकाळी जीपा भरभरून सगळी गावाकडे जायची आणि कॉलनीत राखणीला उरायची ती कुत्री. मग उमेदवार इकडे कशाला फिरकतोय, आणि नळ तरी कोण देतोय?

मामांनी हे मनावर घेतलं. एसटीत जन्मभर कंडक्टरकी केलेली, त्यामुळे माणूस दिसला की कुठून आला आणि कुठं उतरणार हे विचारल्याशिवाय त्यांना राहवत नसे. पत्ता बदलायचा तो आठ नंबरचा फॉर्म. त्याचा गठ्ठा काखेत मारून ते दारोदार फिरत. एका लग्नाच्या पंगतीत तर जिलबी वाढता वाढता त्यांनी नवरदेवाकडून फॉर्मवर सही घेतली. तांड्यावरून आलेली एक आजी मात्र ऐकेना. नाव काढलं तर तांड्याला वाटेल म्हातारी मेली, हे तिचं म्हणणं. मामा दुसऱ्या दिवशी खरोखरच तांड्यावर गेले आणि आजी जित्ती आहे असं घरोघर सांगून आले. आजीनं मुकाट अंगठा दिला. एवढा उत्साही माणूस, पण सात नंबरचा फॉर्म, म्हणजे मयताचं नाव काढायचा, त्याला कधी हात लावायचे नाहीत. "त्यो तुमीच न्या, जावई," म्हणायचे.

असं करत सगळी कॉलनी यादीत आली. राहिले फक्त मामा. मी त्यांचा फॉर्म मागितला की उद्या देतो म्हणत. लोक कुजबुजायला लागले, आमाला इकडं आणलं अन् सोता तिकडंच. शेवटच्या तारखेला माझंही डोकं फिरलं. घरी जाऊन कोरा फॉर्म त्यांच्यापुढे आपटला आणि म्हणालो, आज सही घेतल्याशिवाय मी हलत नाही.

मामांनी देव्हाऱ्याखालून प्लास्टिकच्या पिशवीतली गावची यादी काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. त्यांचं नाव, आणि लगेच खाली मामींचं. मामींना जाऊन तीन वर्षं झाली होती. माझ्यातला बीएलओ आधी बोलला, हे नाव अजून कसं?

"फॉर्म दिलाच न्हाई मी," मामा म्हणाले. "घरात फोटो हाय तिचा, पण फोटोला काय, हार घालावा लागतो. इथं आमी दोघं अजून एका घरात राहून राहिलो. मी इकडं आलो तर ती तिथं एकटी पडंल, जावई."

फॉर्म घडी करून मी माझ्या पिशवीत टाकला आणि चहा न घेताच निघालो.

मतदानाच्या दिवशी आमच्या बूथवर पहिल्यांदाच रांग लागली. मामांनी पुढं सरका, पुढं सरका करत आजीला सावलीत उभं केलं आणि मग स्वतः आपल्या गावाला जायला सेनगावची जीप धरली. दुपारी शाईचं बोट घेऊन परतले. मी काही विचारायच्या आतच हळूच म्हणाले, "हाय बरं का अजून."

पुढं नळ आला. पहिलं पाणी मामांनीच भरलं, आणि गेल्या हिवाळ्यात मामा गेले.

परवा त्यांच्या गावच्या बीएलओचा फोन आला. सात नंबरचे दोन फॉर्म तुमच्याकडूनच येतील ना, विचारत होता. हो म्हणालो. दोन्ही भरून ठेवलेत, सही तेवढी राहिलीय. रोज शाळेत नेतो आणि तसेच परत आणतो.