गळतीकाकांची सायकल

आमच्या पाणीपुरवठा खात्यात त्यांना सगळे गळतीकाका म्हणतात. रस्त्याखालचा पाइप कुठे गळतो आहे ते शोधणं हे त्यांचं काम, आणि एकोणतीस वर्षं ते हे काम एकाच सायकलवर बसून करत आले आहेत. सायकल जुन्या शर्यतीच्या घाटणीची. खाली वाकलेलं हँडल, रंग उडालेली दांडी आणि अंगठ्याएवढे अरुंद टायर. रोज सकाळी कचेरीच्या जिन्याखाली ते त्या टायरांत हवा भरतात, अगदी दगडासारखी टणक होईपर्यंत.

"काका, अंग खिळखिळं होत नाही का हो?" मी एकदा विचारलं.

"होतं ना. म्हणून तर कळतं. जाड टायर सगळं स्वतःच गिळून टाकतो, साहेब. मला काही सांगतच नाही."

पाइप गळू लागला की आसपासची माती वाहून जाते आणि वरचं डांबर आतून पोकळ होतं. डोळ्यांना दिसायच्या आधी ते हँडलवरच्या काकांच्या तळहातांना समजतं. काकूंना मात्र याचं कौतुक नाही. "रस्त्याच्या पोटात काय चाललंय ते ह्यांना कळतं," त्या म्हणतात, "पण भाजीत मीठ नाही हे तिसऱ्या घासालाही कळत नाही."

मी तक्रार विभागात बसतो; कुठलीही गोष्ट स्वतः पडताळून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. एकदा ती सायकल मागून घेऊन मी फेरी मारली. हाडं वाजली, बाकी काही नाही. मग एका सकाळी काकांच्या मागे पायीच निघालो. शाळेसमोरच्या उतारावरून ते अगदी सावकाश उतरत होते. अचानक थांबले. "इथं," म्हणाले, आणि खिशातला खडू मोठ्या विश्वासाने माझ्या हातात दिला. मी मागेच उभा होतो; तिथूनच चाकाला टेकवून व्यवस्थित फुली काढली.

तो रस्ता दोनच महिन्यांपूर्वी नवा झाला होता. नव्या इंजिनीअर बाईंनी कानाला लावायचं यंत्र आणून ऐकलं.

"काका, काहीच आवाज नाही."

"एवढ्या गाड्यांत काय ऐकू येणार, मॅडम?"

"ठीक आहे, खणू. पण कोरडं निघालं तर तुमची फेरी बंद. पुढच्या महिन्यापासून काउंटरवर बसायचं. मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

काका "चालेल" म्हणाले, पण त्या दुपारी त्यांनी डबा उघडून तसाच झाकून ठेवला. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, आणि ती काचेमागे अर्ज वाटत काढायची!

दुसऱ्या दिवशी फुलीवर खड्डा खणला. कमरेएवढा झाला तरी माती कोरडीच.

"काका, काल हवा भरायची राहिली का?" एका कामगाराने टोमणा मारला. सगळे हसले.

काका खाली उतरले, माती चुरून पाहिली, वर आले. उताराकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"साहेब, फुली कुठल्या चाकाशी काढलीत?"

"मागच्या. मी मागेच होतो ना."

"अहो, मागचं नुसतं मागून येतं! कळतं ते पुढच्यावर!"

माझे कान तापले. मी मॅडमना सांगितलं की चूक माझी आहे, एक सायकलभर खाली खणायला हवं.

"सारवासारव करताय का?"

"नाही मॅडम. खूण मी केली होती, हातही माझाच चुकला."

"एक सायकलभर म्हणजे किती?"

काकांनी सायकल आणून उभी केली. मागचं चाक खड्ड्याच्या मधोमध येईल अशी आम्ही दोघांनी ती वर उचलून धरली. पुढच्या चाकाखाली मॅडमनी स्वतः बुटाने रेघ ओढली. डांबर फुटलं. चौथ्या की पाचव्या घावाला कुदळ आत गेली ती दांड्यापर्यंत, आणि कामगार ओरडत मागे सरला. माती खचली होती. खालून गढूळ पाणी उसळून वर येत होतं.

"व्हॉल्व्ह! व्हॉल्व्ह बंद करायला कुणाला तरी पाठवा!" मॅडम म्हणाल्या.

काका केव्हाच सायकलवर बसून कोपऱ्यापर्यंत पोहोचले होते. मॅडमनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. काउंटरचं नाव कचेरीत पुन्हा कुणी काढलं नाही.