माश्यांना बोलावणारं फूल

आमच्या चाकणच्या ऑफिसात सफाई करणाऱ्या मावशी पोछा पिळला की ओले हात कोपरांना पुसत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

माझ्या टेबलावर आफ्रिकेतल्या कोरड्या झुडपी रानातलं, जाड दांड्यांचं, बिनपानांचं झाड होतं. त्याला पहिल्यांदाच चांदणीसारखं फूल आलं आणि सडक्या मांसाचा वास सुटला. माश्यांना बोलवायला ते असाच वास सोडतं, हे मला ठाऊक होतं. सुपरवायझरला वाटलं, उंदीर मेलाय.

"मावशी, आज उंदीर सापडला नाही, तर उद्यापासून येऊ नका," तो सगळ्यांसमोर म्हणाला. मी मान खाली घालून टाइप करत राहिले.

मावशी दिवसभर गुडघ्यांवर बसून कपाटांखाली झाडू फिरवत होत्या. संध्याकाळी त्या माझ्यापाशी थांबल्या आणि फुलावरची माशी त्यांनी हलकेच उडवली.

"ह्याचाच वास हाय, मॅडम. मला सकाळीच कळलं व्हतं."

"मग सांगितलं का नाही?"

"म्हटलं, तुमी सांगाल."

आवाजात राग नव्हता. त्या पुन्हा कपाटाखाली वाकल्या. मी कुंडी उचलली आणि सुपरवायझरच्या केबिनचं दार वाजवलं.